रस्त्यापलीकडचं दुसरं वर्ष

आमच्या व्यवसाय महाविद्यालयात फिटरच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'शतांश' म्हणतात. तोंडावर नाही, अर्थातच. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला, तर त्या कामाकडे अशा बघतात की घरात कुणी आजारी असावं. वय पंचावन्न, उंची बेताची, आवाज मात्र वर्कशॉपमधल्या बारा यंत्रांच्या वर चढणारा. त्या याच महाविद्यालयात शिकल्या आणि इथेच शिकवायला लागल्या.

विद्यापीठ रस्त्यापलीकडे आहे. तो रस्ता ओलांडायला माणसाला अर्धं मिनिट लागतं. आमच्या प्रमाणपत्राला तो एकतीस वर्षांत ओलांडता आला नव्हता.

या वर्षी मात्र पत्र आलं. आमचं प्रमाणपत्र असणाऱ्याला तिकडे अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळेल. अट एवढीच, की विद्यापीठाची समिती येऊन प्रात्यक्षिकांचा दर्जा बघेल. समिती नाही म्हणाली तर पुढचा विचार तीन वर्षांनी. पत्र सूचनाफलकावर लागलं सकाळी दहाला. अकराच्या आत पहिला अर्ज कार्यालयात पोचला होता, आणि तो बाईंचा होता.

घरी त्यांनी ही बातमी पोळीचा घास मोडता मोडता सांगितली. नवरा शिंपी, त्याने चष्म्यावरून पाहिलं. "तीन वर्षांनी निवृत्त होणार तू. तेव्हा पदवी घेऊन काय करणार?"

"अहो, पदवीला तीच तर तीन वर्षं लागतात."

मुलगी त्याच विद्यापीठात, त्याच शाखेत तिसऱ्या वर्षाला. तिचा आनंद वेगळ्या जातीचा होता. "म्हणजे मी तुझी सिनियर! आई, वह्या हव्या असतील तर अदबीने मागायच्या हं."

"आधी अक्षर सुधार. मग मागते."

त्या दिवसापासून दोघी रोज गणिताला बसू लागल्या. शिंपीबुवांना स्वतःचं जेवण स्वतः वाढून घेण्याची कला या वयात साधली.

समिती आली ती तिघांची: अध्यक्ष असलेल्या वयस्कर प्राध्यापिका, एक तरुण प्राध्यापक, आणि एक गृहस्थ जे फक्त लिहून घेत होते. अध्यक्षबाईंनी बसायच्या आधीच विचारलं, "गेल्या तीन वर्षांतली प्रात्यक्षिकाची कामं दाखवा."

प्राचार्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी जमिनीकडे पाहिलं.

आमच्याकडे लोखंड वाया घालवत नाहीत. परीक्षेत विद्यार्थी पट्टीची कड कानशीने घासून ठरलेल्या मापाला आणतो, बाई मोजतात, गुण देतात, आणि तीच पट्टी पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या हातात जाते. तो ती आणखी दोन मिलिमीटर घासतो; आधीच्याचं काम कीस होऊन जमिनीवर पडतं. एवढी मितव्ययी परीक्षापद्धती दुसरीकडे सापडायची नाही. पण पुरावा म्हणून कुणी काही मागेल, हे एकतीस वर्षांत कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"म्हणजे जुनी कामं आहेत कुठे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"इथेच होती," बाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी झाडून काढतो."

लिहून घेणारे गृहस्थ थांबले. हे कसं लिहावं, त्यांना समजेना. प्राचार्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला.

"मग आम्ही तपासायचं काय?"

"मला तपासा," बाई म्हणाल्या. "अर्ज क्रमांक एक माझाच आहे. प्रमाणपत्रही इथलंच."

अध्यक्षबाईंनी फाइल उघडली, अर्ज पाहिला, मग माणूस पाहिला. "तुम्ही स्वतः दुसऱ्या वर्षाला बसणार?"

"तुम्ही बसू दिलंत तर."

बाईंनी व्हाइसच्या जबड्यात एक पट्टी आवळली. तरुण प्राध्यापक उत्साही निघाले. "मीही करून बघतो" म्हणत त्यांनी शेजारच्या व्हाइसमध्ये दुसरी लावली. वीस मिनिटं वर्कशॉपमध्ये दोनच आवाज होते: एक सलग, एक धापा टाकणारा. मग बाईंनी दोन्ही कडांवर गुण्याची सरळ धार ठेवली आणि प्रकाशाकडे धरली. त्यांच्या कडेवर गुण्याखालून उजेडाची रेघही येईना. प्राध्यापकांच्या कडेला गुण्या मधोमध टेकला होता आणि दोन्ही बाजूंनी उजेड मजेत ये-जा करत होता.

"मध्ये फुगली," बाई म्हणाल्या. "पहिल्या वेळी सगळ्यांची फुगते. वाईट वाटून घेऊ नका."

मायक्रोमीटरने बाईंची पट्टी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजली. फरक एका शतांशाचा. बाईंनी तोंड वाकडं केलं.

"हात चांगला आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण पदवीला हात पुरत नाही. कड मध्येच का फुगते, सांगता येईल?"

वर्कशॉपच्या दारात एव्हाना अख्खा फिटरचा वर्ग जमला होता.

"कानस पुढे जाते तसा उजवा हात कामाच्या जवळ येतो, डावा लांब जातो," बाई म्हणाल्या. "जोर तेवढाच ठेवला तर कानस डोलते आणि टोकं जास्त खाते. म्हणून दोन्ही हातांचे जोर सतत बदलत राहायचे."

"अहो, हे तर बलाचं आघूर्ण, मोमेंट! जोर गुणिले अंतर!" तरुण प्राध्यापक फळ्याकडे धावले. तो वर्कशॉपच्या भिंतीवरच होता. त्यांनी त्यावर दोन हात, दोन अंतरं आणि एक समीकरण भराभर मांडलं, आणि शेवटी निष्कर्ष लिहिला: डाव्या हाताचा जोर वाढत जावा.

बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. बोटाने हवेत काहीतरी मांडलं, खोडलं.

"सर, समीकरण बरोबर आहे. शेवट उलटा आलाय. अंतर वाढलं तर जोर कमी व्हायला हवा. तुम्ही लिहिलंय तसं घासलं, तर मघाशी झाली तश्शी पट्टी होईल."

प्राध्यापकांनी फळा पाहिला, मग पट्टी पाहिली. "तसंच घासलं मी," ते म्हणाले, आणि मोठ्याने हसले. दारातल्या पोरापोरींनी दार बडवायला सुरुवात केली ती थांबेचना.

अध्यक्षबाईंनी सही तिथेच, कानशींच्या कपाटावर कागद ठेवून केली. मंजुरीखाली एक अट स्वतःच्या हाताने वाढवली: विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाचा कार्यशाळेचा तास यापुढे रस्त्याच्या अलीकडे होईल. लिहून घेणाऱ्या गृहस्थांना अखेर लिहिण्याजोगं काही मिळालं.

परवा वर्ग सुरू झाले. सकाळी शतांशबाई पहिल्या बाकावर बसून आघूर्ण शिकल्या. दुपारी तोच सगळा वर्ग रस्ता ओलांडून त्यांच्यासमोर व्हाइसला उभा राहिला, आणि बाईंनी तेहेतीस सहाध्यायांच्या तेहेतीस कडा फुगलेल्या म्हणून परत केल्या.