क्लोरीनचा वास
नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास आला की मला कोपरखैरण्यातली एक दुपार आठवते. मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती, आणि हे जवळच्या केमिकल कंपनीत पाणी शुद्ध करायचा क्लोरीन सिलिंडरांत भरायच्या कामावर होते. "याच्यामुळेच गावागावांतली पटकी गेली," असं अभिमानाने सांगायचे. त्या दुपारी कंपनीचा भोंगा अवेळी वाजला आणि थांबेचना. पाठोपाठ वास आला, घशात काटे टोचावेत तसा. मुलीला छातीशी धरून मी जिने उतरले आणि सगळे कंपनीकडे पाठ करून पळत होते, त्यांच्यामागे धावले. नाक्यावर शेजारच्या बोनकोडे गावची एक बाई कोळंबी विकायला बसायची, तिने माझा दंड धरला. "बाय, वाऱ्यासंगती पलू नको, वास पन तिकरंच चाललाय! आडवी चल!" गॅलरीतल्या दोरीवरच्या साड्या कुठे फडफडतायत ते तिने दाखवलं आणि मला ओढत खाडीच्या बांधावर नेलं. तिथे श्वास घेता आला, मुलगी रडली, तेव्हा जिवात जीव आला. मग कंपनीकडे बघितलं. हे आतच होते. संध्याकाळी आले ते डोळे लालभडक, आवाज बसलेला. "व्हॉल्व्ह गळत होता, बंद केला," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा कामावर गेले. आता मुलगी म्हणते, "आई, वास येतोय म्हणजे पाणी चांगलं आहे, पी." मी पिते, पण त्याआधी खिडकीतून दोरीवरचे कपडे कुठे उडतायत ते बघून घेते.