साडूभाऊंची दुसरी प्रत

ब्रह्मदेवाने सृष्टी घडवताना आमच्या साडूभाऊंना शेजारी बसवलं असतं, तर आज आकाशात दोन चंद्र असते. एक वापरायला, एक जपून ठेवायला. कशाचीही दुसरी प्रत असल्याशिवाय या माणसाला घास गोड लागत नाही. स्कूटरच्या डिकीत जास्तीची चप्पल, खिशात जास्तीचा चष्मा, आणि त्यांच्या घराच्या दोन किल्ल्या आमच्याकडे. निरोपही ते दोनदा घेतात. "येतो" म्हणून फाटकापर्यंत जातात आणि परत येऊन पुन्हा "येतो" म्हणतात. एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "पहिला कोणाले ऐकू नाही गेला तं?"

पोटासाठी ते लोकांच्या वेबसाइटी सांभाळतात. माझ्या बायकोची, म्हणजे त्यांच्या मेहुणीची, स्वयंपाकाच्या लेखांची वेबसाइट त्यांनीच थाटून दिली. दर महिन्याला तिची प्रत काढायचं काम तेवढं माझ्या गळ्यात घातलं, आणि मी शेवटची काढली ती संक्रांतीला. प्रत्येक लेखाखाली आमचे सासरे, मामाजी, पारशिवनीहून अभिप्राय लिहीत. फाल्गुनात ते गेले. शेवटचा अभिप्राय त्यांनी दवाखान्यातून लिहिला होता. बायको रोज सकाळी चहा घेताना तो वाचायची.

वैशाखातल्या एका दुपारी ती सीताबर्डीला गेलेली असताना मी वेबसाइट सुधारायला बसलो, नको तिथे बोट ठेवलं आणि सगळं पांढरं झालं. फोन केल्यावर साडूभाऊ आले, दोन ग्लास पाणी प्यायले आणि कूलरसमोर बसले. वाळ्याचा ओला वास सुटला होता, बाहेर ऊन नुसतं तरंगत होतं. अशा दुपारी काय खरं आणि काय स्वप्नातलं, ते मला नीटसं कळत नाही. त्यांनी वेबसाइट जिथे ठेवलेली असते तिथलं, होस्टिंगचं पॅनेल उघडलं आणि सगळ्यात आधी त्या मोडक्या वेबसाइटचीच प्रत काढायला घेतली. किती प्रत झाली ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. बैल गेला नि झोपा केला, असं मी म्हटलंही.

"काहून घाई करून राहिला गा," ते म्हणाले. "बिघडलेलंबी जपून ठेवा लागते. त्यात काय जितं आहे, आपल्याले काय माहीत?"

मग त्यांनी संक्रांतीची प्रत परत आणली. जुने लेख आले, पण मामाजींचा शेवटचा अभिप्राय आला नाही. तो संक्रांतीनंतरचा होता. बायकोला तोंड कसं दाखवावं ते सुचेना. साडूभाऊ मात्र डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, लागली झोप. पण त्यांचा हिशेब चालला होता. वेबसाइटचा सांगाडा फायलींमध्ये असतो आणि मजकूर डेटाबेसमध्ये. मी मोडला होता तो सांगाडा. तो त्यांनी संक्रांतीचाच ठेवला आणि मजकूर मघाच्या मोडक्या प्रतीतून आणून बसवला. पडद्यावर मामाजींचा शेवटचा अभिप्राय उमटला:

"पोरी, भरल्या वांग्यात गूळ काहून टाकला वं? तुही माय नव्हती टाकत. बाकी चांगलं."

साडूभाऊंनी चष्मा काढला. खिशातला दुसरा लावून पाहिला, त्यातूनही त्यांना दिसेना.

"शेवटचं भेटलो तवा बस सुटून राहिली होती," ते म्हणाले. "मामाजीले मी येतो म्हणून एकदाच म्हटलं."

मग पटकन त्यांनी दुरुस्त वेबसाइटचीही प्रत काढली, चप्पल घातली, "येतो" म्हणाले. इतकी वर्षं मी त्यांच्या मागे लगेच दार लावून घेत आलो होतो. त्या दिवशी दारातच उभा राहिलो. ते फाटकापासून परत आले, पुन्हा "येतो" म्हणाले, आणि मीही पुन्हा म्हटलं, "या."