माझ्या गुडघ्याची उंची

"नीचे गई ही नहीं!" एक पोरगा ओरडला आणि सगळी जिम हसली.

माझ्या खांद्यावर ऐंशी किलोंचा बार होता. मी बसले होते, पूर्ण बसले होते. पण मागे दोन स्टँडमध्ये ताणलेल्या सुतळीला माझं बूड टेकलं नव्हतं. सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "फाउल. बार ठेव, लंबू."

ही निवड होती. टावर चौकाजवळच्या आमच्या जिममधून जिल्ह्याच्या पॉवरलिफ्टिंगला एकाच मुलीचं नाव जाणार होतं. स्पर्धेत मी होते आणि सरांची पुतणी होती. ती पाच फुटांची. मी सहा फुटांना दोन बोटं कमी.

स्क्वाटचा, म्हणजे बार घेऊन बसून उठण्याचा नियम साधा आहे. मांडीचा सांधा गुडघ्याच्या खाली गेला की झालं. पण गुडघा ज्याचा त्याचा. माझा तिच्यापेक्षा चार बोटं वर आहे. म्हणून सरावाला माझी सुतळी वर बांधलेली असायची. बांधायचे कोण? सरच. त्या दिवशी सुतळी पुतणीच्या मापाची होती.

मी विचारलं, "सर, माझी सुतळी?"

"नियम सगळ्यांना एकच, बेटा."

पुतणीने पंचावन्न उचलले. टाळ्या पडल्या.

दोन वर्षं या माणसावर मी डोळे मिटून विश्वास टाकला. लांब मांड्यांमुळे मी पुढे वाकायचे, कंबर भरून यायची. पोरं म्हणायची, "ऊंटनी को किसने घुसाया?" तेव्हा सरांनीच टाचांखाली पातळ प्लेटा ठेवल्या, पायांत जास्त अंतर ठेवायला शिकवलं. जमिनीवरून बार उचलताना पाठ वाकते म्हणून बारखाली फळ्या लावल्या. म्हणायचे, "आपण मराठी माणसं. या हिंदी मुलखात एकमेकांना धरून राहायचं." त्यांचे पणजोबा इथल्या संस्थानाच्या दरबारात कारकून. माझे बाबा भुसावळहून आलेले, रेल्वेत गँगमन. तरी ते 'आपण' म्हणाले, आणि मी वेडी हुरळून गेले.

नंतर त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागद टाइप करून तयार. 'घरगुती कारणामुळे मी निवडीतून माघार घेत आहे.'

"सही कर. उगाच कुणी चौकशी करायला नको."

मी पेन हातात घेऊन कागद पुन्हा वाचला. तेव्हा ते हसून म्हणाले, "तुमच्यातल्या बायका तशाही मातीच्या पाट्या उचलतातच. तुला त्याचं काय एवढं कौतुक?"

माझ्या आईने पाट्या उचलल्या आहेत. बाहेर हसणाऱ्या पोरांचा मला राग आला नव्हता. याचा आला. हे वाक्य त्यांच्या पोटात दोन वर्षं होतं, आणि मी रोज त्यांच्या पाया पडत होते.

पेन खाली ठेवलं.

"मी माघार घेतलेली नाही. तुम्ही मला काढलंय. तसं लिहा, मग सही करते."

"जास्त बोलू नकोस. या शहरात तुला दुसरं कोण शिकवणार आहे?"

मी उठले. पाया न पडता बाहेर आले.

त्यांनी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिलंय. जिल्हा संघटनेला अर्ज. माझं नाव, बाबांचं नाव, वस्तीचं नाव, सगळं स्पष्ट अक्षरात. बाहेरचा पंच बोलवा आणि माझा स्क्वाट माझ्या गुडघ्यावरून मोजा, एवढीच मागणी. उद्या अर्ज देणार आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. नाही म्हणाले तर परवा पुन्हा जाणार.

आणि त्या माणसाला यापुढे सर म्हणणार नाही.