आमच्या संस्थापकाची हजेरी

चारचौघांत दुसऱ्याला मान खाली घालायला लावण्यात आमच्या संस्थापकाचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि नाशिकपासून मस्कतपर्यंत मी माणसं काही कमी पाहिलेली नाहीत. त्याला स्वतःला लाज म्हणून वाटायची नाही. त्याच्या वाट्याची सगळी लाज त्याने आम्हा मित्रमंडळींत वाटून टाकली होती, आणि त्यातला मोठा वाटा माझ्याकडे आला होता. पंचवटीतल्या आमच्या शाळेचे जे विद्यार्थी पोटापाण्यासाठी मस्कतला गेले, त्यांचा संघ याने काढला म्हणून तो संस्थापक. अध्यक्ष दरवर्षी बदलायचे, चिटणीस तर कंटाळून मध्येच पळायचे, पण संस्थापक तो संस्थापकच. तोंडावरही आम्ही त्याला 'संस्थापक' म्हणूनच हाक मारायचो. लोकांना वाटायचं, किती मान देतात! मान कसला, ती आमची सोय होती. कसली ते पुढे सांगतोच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मस्कतच्या रुवी भागात एक मोठं दुकान होतं. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी हा गृहस्थ द्राक्षांच्या पेट्यांशेजारी उभा राहायचा. घ्यायचा काही नाही, नुसता उभा. त्याचं म्हणणं असं, की नाशिकचा माणूस जगात कुठेही गेला तरी द्राक्षांवरून मुकाट्याने पुढे जात नाही. तो एक मणी तोंडात टाकतो, तोंड वाकडं करतो आणि मोठ्याने नावं ठेवतो. मी तसाच सापडलो. "याला काय द्राक्षं म्हणायचं? आमच्याकडे गुरं तोंड लावायची नाहीत," असं बायकोला सांगत होतो, तोच मागून आवाज आला, "शाळा कोणती?" मी बेसावधपणे सांगितलं. त्याने मला भर दुकानात मिठी मारली. एक पेटी आडवी झाली, मणी फरशीभर घरंगळले, बुरख्यातल्या बायका थबकून बघू लागल्या आणि माझी बायको जणू माझी कुणीच नाही अशा चेहऱ्याने साबणांच्या फळीकडे निघून गेली. "दहावी ब! तुझे वडील हिरव्या सायकलवर यायचे तुला न्यायला. गॅदरिंगला तुझ्या सदऱ्याची बाही फाटली होती. मला ओळखलंस ना?" मी बघितलं. गोल चेहरा, जाड भिंगांचा चष्मा, बारीक मिशी. काही म्हणता काही आठवेना. "अरे, म्हणजे काय! तुला न ओळखायला काय झालं?" असं म्हणून मी त्याची पाठ थोपटली. अशा वेळी आपण सगळे हेच म्हणतो.

कांद्यांच्या ढिगापाशी उभं राहून त्याने लासलगावचा एक पंप दुरुस्त करणारा गडीही असाच पकडला. तो लहानपणी नाशिकला मामाकडे राहून आमच्याच वर्गात शिकलेला. कांदा उचलून त्याचं टरफल अंगठ्याने घासून बघतो तो लासलगावचाच, याविषयी संस्थापकाला शंका नव्हती. अशा रीतीने फळं-भाज्यांच्या विभागातून आमचा संघ वाढत गेला.

संघाची सभा म्हणजे शाळाच. एका सुट्टीत तो नाशिकला आला, अंबडच्या एका भंगारवाल्याकडून रुळाचा तुकडा मिळवला आणि चक्क विमानातून मस्कतला घेऊन गेला. आमच्या शाळेत असाच रुळाचा तुकडा घंटा म्हणून टांगलेला असायचा. मी त्याच्याच विमानात होतो, हे माझं नशीब. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तो लोखंडी तुकडा उलटासुलटा करून विचारलं, हे काय आहे? "शाळेची घंटा." शाळा कुठे आहे? "नाशिकला." मग घंटा इकडे कशाला? संस्थापक अगदी शांतपणे म्हणाला, "पोरं इकडे आलीत ना, साहेब." मी शेजारच्या रांगेत उभा राहून, आपण या माणसाबरोबर आलेलो नाही असं दाखवत छत बघत होतो. ती घंटा त्याच्या गॅलरीत बांधली गेली. पहिला टोल पडला तेव्हा खालच्या मजल्यावरचा इजिप्तचा गृहस्थ भांडायला वर आला. संस्थापकाने त्याच्या हातात चिवड्याची बशी दिली आणि त्याला शेवटच्या रांगेत बसवलं. पुढच्या सभेपासून वेळेवर येणारा आमचा तो एकमेव सभासद.

घंटेनंतर प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर हजेरी. दहावी 'ब'ची हजेरी त्याला तोंडपाठ होती. हातात कागदाचा कपटाही न घेता, डोळे मिटून तो नावं घ्यायचा. जो मस्कतमध्ये असेल तो "हजर" म्हणायचा, बाकीच्यांच्या वतीने कोणीतरी "गैरहजर, सर". यादीच्या मध्यावर कुठेतरी तो एक श्वास थांबायचा आणि पुढे जायचा. आम्हाला वाटायचं, दम लागला असेल.

कुरुमच्या समुद्रकाठच्या बागेत आमचं स्नेहसंमेलन व्हायचं तेव्हा तर पृथ्वीने पोटात घ्यावं असं व्हायचं. बँकेतले साहेब, डॉक्टर, मोठ्या कंपन्यांचे इंजिनियर अशा सगळ्यांना तो उंचीप्रमाणे रांगेत उभं करायचा आणि कवायत घ्यायचा. उशिरा आलेल्याला कान धरून उभं करायचा. एकदा मी कान धरून उभा असताना आमच्या ऑफिसचा ओमानी साहेब सहकुटुंब समोरून गेला. शनिवारी कामावर गेल्यावर त्याने मला आत बोलावून फार मायेने विचारलं, "काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांग." काय सांगणार? मी आभार मानून बाहेर आलो. इतकं होऊनही पुढच्या संमेलनाला मी सगळ्यांच्या आधी हजर. तेव्हा सोहार, सलाला अशा लांबच्या शहरांतूनही माणसं यायला लागली होती. पुढे दुबईला शाखा निघाली, मग बहरीनला. दर सभेनंतर संस्थापक मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगायचा, "एकदा सगळ्यांनी मिळून नाशिकला आपल्या वर्गशिक्षकांकडे, सरांच्या घरी जायचं. सरांना प्रत्येक पोराचं नाव पाठ असतं. मला बघताक्षणी नावाने हाक मारतात की नाही, बघच तू."

हे ऐकलं की मी घाईघाईने विषय बदलायचो. कारण एकदा सोहारच्या रस्त्यावर, गाडीत आम्ही चौघं वर्गमित्र असताना, मी सहज विचारलं होतं, "काय रे, संस्थापक शाळेत नक्की कुठल्या बाकावर बसायचा?" मग लासलगावकर म्हणाला, "मला तर वाटलं तुझ्या शेजारचा हाय तो." "माझ्या? मला वाटलं तुझ्या मामाच्या गल्लीतला." चौघांनी चारही बाजूंनी आठवून पाहिलं. त्या मुलाची सावलीसुद्धा कोणाच्या आठवणीत नव्हती. त्याचं नावदेखील आम्ही संघाच्या पत्रकावर वाचूनच शिकलो होतो. जो तो समजत होता, आपणच तेवढे विसरलो. एकाने तर शंका काढली, हा आपल्या शाळेतला आहे तरी का? "गप रं," लासलगावकर म्हणाला, "माझी मुंज्याच्या झाडावरून पडल्याली खोक त्याला म्हाईत हाय." उरलेला रस्ता आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. त्याला आमचं सगळं आठवत होतं आणि आम्हाला त्याचं काहीच नाही. आम्ही 'संस्थापक' का म्हणायचो ते आता लक्षात आलं असेल. पदवीने हाक मारली की माणूस आठवावा लागत नाही.

शेवटी तो डिसेंबर आला. सगळ्यांनी एकदम सुट्ट्या घेतल्या. सर तेव्हा गंगापूर रोडला मुलीकडे राहायचे. आदल्या दिवशी मी एकटाच गुपचूप त्यांच्याकडे गेलो. सरांनी मला दारातच नावाने हाक मारली, माझ्या वडिलांची चौकशी केली. मी चहा घेत घेत विषय काढला. "सर, उद्या एक जण येईल. जाड चष्मा, गोल चेहरा. त्याचं नाव सांगून ठेवतो. तुम्ही फक्त ओळखल्यासारखं करा. त्याचा फार जीव आहे हो त्यात."

सरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तू मला पेपर फोडून द्यायला आलायस?"

"तसं नाही, सर..."

"नाव सांगू नकोस. चहा पी आणि जा."

पन्नाशीला टेकलेला मी, दहावीत पकडला गेल्यासारखा कान गरम करून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सरांच्या हॉलमध्ये आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. सर एकेकाला नावाने हाक मारत होते, एकेकाची खोडी काढत होते, हशा पिकत होता. मग संस्थापक पुढे झाला. वाकून नमस्कार केला आणि काही न बोलता उभा राहिला. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. फार वेळ बघितलं. "नाही रे बाळा," ते म्हणाले, "नाही आठवत तू मला."

आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघू लागलो. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं. पण संस्थापक हसला, अगदी मोकळं हसला. "सर, इतक्या वर्षांत खरं बोलणारे तुम्ही पहिलेच. ही सगळी मंडळी बघताक्षणी ओळखल्याचं सांगतात."

म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. द्राक्षांच्या पेटीपाशीसुद्धा.

"नाव सांग," सर म्हणाले. त्याने सांगितलं. "शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे." त्याने मोठ्याने सांगितलं. सर म्हणाले, "शाळेत कधी इतक्या मोठ्याने बोलला असतास, तर विसरलो नसतो. घे आता हजेरी." संस्थापकाने डोळे मिटले आणि सुरुवात केली. आम्ही हजर-गैरहजर करत गेलो. मध्यावर येऊन तो नेहमीसारखा एक श्वास थांबला, आणि त्या श्वासात सरांनी त्याचं नाव घेतलं. त्याचा नंबर तिथेच होता. घेणारा तोच, म्हणून त्याची हजेरी इतक्या वर्षांत कोणी घेतलीच नव्हती.

"हजर, सर," तो म्हणाला. पुढचं नाव त्याला पटकन आठवेना.

पुढे त्याची कंपनी बंद पडली आणि तो कायमचा नाशिकला परतला. संघ आता इतका मोठा झालाय की सभेला हॉल घ्यावा लागतो, आणि नव्या पोरांना हजेरीबिजेरी हास्यास्पद वाटते. गेल्या फेब्रुवारीत सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्याकडे गेलो. त्याने दार उघडलं. केस पांढरे, चष्मा तोच. मी म्हटलं, "ओळखलंस ना?"

"नाही बुवा," तो मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला. "नाव सांग. मोठ्याने."

जिन्यात उभा राहून मी मोठ्याने नाव सांगितलं. समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं, कोणीतरी डोकावून गेलं. तेव्हा कुठे त्याने मला आत घेतलं आणि समोर द्राक्षांची ताटली ठेवली. मी सवयीने एक मणी तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, "याला काय द्राक्षं म्हणायचं?"

"हां, आता ओळखलं," तो म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला. मी मान खाली घालून आणखी एक मणी उचलला. द्राक्षं फार गोड होती.