गाडी थांबवायची कुणी

आमच्या जळोचीच्या घरातनं दर चैत्रात छपराची बैलगाडी शिंगणापूरच्या जत्रेला निघायची. आठ-दहा दिवस त्या गाडीतच बिऱ्हाड. आत कडबा अंथरून वर वाकळ, मागं पिठाचा डबा, तवा, जळणाची मोळी. दिवस कलला की एखाद्या झाडाखाली बैल सोडायचे, तीन दगड मांडायचे, झालं घर. बाया गाडीत झोपायच्या, बाप्ये गाडीखाली.

लोकांना वाटायचं, सून देवभोळी. खोटं कशाला बोलू, मी देवापेक्षा गाडीसाठी जायची. घरी सगळ्यांची जेवणं उरकेस्तवर सुनेनं बूड टेकायचं नाही. वाटेवर तसलं काही नसायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी गप्पा मारायच्या आणि मी त्यांच्या शेजारी बसून जेवायची. होय, बसून, गरम भाकरी. वर्षातले तेवढेच दिवस माझे होते.

आणि तेच बंद व्हायची वेळ आली. मामंजींच्या, माझ्या सासऱ्यांच्या, हाताला कंप सुटला. कासरा ओढलाय की हात थरथरतोय हे बैलांना कळेना. आमच्या मालकांनी एक दिवस जेवताना विषय काढला. "आबा, आता यष्टी सुरू झालीया. औंदाची शेवटची खेप. पुढल्या साली छप्पर काढतो आन् गाडी उसाला लावतो."

मामंजींच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी हाकते की," हे अगदी ओठावर आलं होतं. पण सासऱ्याशेजारी बसून सुनेनं गाडी हाकायची म्हणजे गावाला महिनाभर चघळायला विषय. तेव्हा गिळलं.

त्या वर्षी मालकच हाकायला बसले. नीरेच्या पात्रात पाणी घोट्याएवढंच होतं, पण वाळू फसवी. पलीकडचा काठ हाकेवर आला आणि चाकं पार मधल्या तुंब्यापर्यंत रुतली. मालकांनी आसूड उगारला. बैलांनी जीव खाऊन ओढलं, गाडी आणखी खाली गेली. मागनं येणाऱ्या गाड्यांतले चार बाप्ये ढकलायला आले. पुन्हा आसूड, पुन्हा तेच. लोक म्हणायला लागले, सामान उतरवा, बायांना उतरवा, छप्पर उतरवा. मालक घाम पुसत म्हणाले, "म्हनत हुतो न्हवं, गाडीचं दिस गेलं."

चूक गाडीची नव्हती, हाकणाऱ्याची होती. जळोचीकरांना कॅनॉलचं पाणी आयतं. बैल म्हणजे पुढं चालणारं जनावर, एवढंच त्यांना ठाऊक. माझं माहेर इंदापूरकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, तिथं विहिरीवर मोट. मोटेचा बैल उतारानं पुढं जातो तेव्हा पाणी वर येतं, आणि मग तसाच पाठीमागं सरत वर येतो तेव्हा मोट पुन्हा खाली जाते. आमच्या गाडीची ही जोडी माझ्या बापानं लग्नात दिलेली, आमच्या मोटेवरचीच. पोरपणी मी ती हाकलेली.

मालकांनी पुन्हा आसूड उचलला तशी मी छपरातनं पुढं आले. "उतरा खाली."

"अगं, लोक बघत्यात."

"बघू द्या. गाडी हितंच ऱ्हायली तर रोज बघतील."

मामंजी पुढंच बसले होते. त्यांनी सरकून मला जागा केली. मी पदर खोचला, कासरा घेतला आणि बैलांना मोटेवरची हाक दिली, "मागं... मागं सर रं बाळा, मागं." बैलांचे कान हलले. एक पाऊल मागं, दुसरं मागं. चाकं खड्ड्यातनं वर आली आणि आमच्याच जुन्या चाकोरीवर जाऊन बसली. मग मी कासरा जरा डावीकडं ओढला, जिथं आधी गेलेल्या गाड्यांखाली ओली वाळू दबून घट्ट झाली होती, आणि पुढं हाकललं. एका दमात काठ.

मामंजी मालकांकडं वळले. "गाडी कवा थांबवायची, ते आता ही सांगंल. तू न्हाय."

पुढं फलटणातनंसुद्धा मीच हाकत नेली. कुणीतरी बाजूनं म्हणालं, बाई हाकतीया बघा. आतनं आत्याबाईंचा आवाज आला, "आमची सून हाय. तुमाला न्हाय ना तसली, मग बघा नुसतं."

त्यानंतर दर चैत्राच्या तोंडावर मालक विचारायचे, "औंदा काय?" मी हातातलं काम संपवून मग सांगायची, "छपराची ताडपत्री फाटलीया, शिवून घ्या."

शेवटी एका वर्षी, परतीच्या वाटेवर, बैलांनी तीच वाळू न थांबता पार केली. पण काठावर आल्यावर त्यांची पोटं बराच वेळ भात्यासारखी हलत राहिली. मी जू उतरवलं, दोघांच्या पाठीवरनं हात फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ही शेवटची."

मामंजी चमकले. "का गं? हात तर चांगलं चालत्यात की तुझं."

"चालत्यात म्हनूनच. बैलांनी न्हाय म्हनायच्या आत मी म्हनते."

ते खोकला येईस्तवर हसले.

छप्पर मी माझ्या हातानं सोडलं. बैल माझ्या माहेरी गेले, चिंचेखाली बसून खायला. पुढल्या चैत्रात मी यष्टीनं निघाले. डायव्हरच्या मागचंच बाक धरलं आणि फलटण येईस्तवर त्याचं हाकणं बघत बसले. हात बरा होता त्याचा.