व्याह्यांची बदली ड्युटी

कुणी मागायच्या आत स्वतःची जागा झाडूनपुसून दुसऱ्याला देणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघाला. माणूस सोन्यासारखा, नाही कोण म्हणतंय? पण मला त्यांचा राग येतो. तेव्हा आला होता, आणि आता लिहितानाही येतोय.

लेक माझी डॉक्टर, मेलबर्नपासून दोन-अडीच तासांवरच्या गावात. एक दवाखाना, एक बेकरी, बाकी सगळ्या मेंढ्या. तिच्या बाळंतपणाला मी नाशिकहून आले, नातवाचं तोंड बघायला व्याही पुण्याहून आले, आणि करोनानं विमानंच बंद केली. तीन महिन्यांसाठी आलेलो आम्ही दोघं दीड वर्ष एका छपराखाली! गृहस्थ कारखान्यातून रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण कारखाना काही त्यांच्यातून रिटायर झाला नव्हता. फ्रीजवर कागद लावायचे, ‘बाळाला झोपवणे – दुसरी पाळी – विहीणबाई.’ तीनदा फाडला मी तो कागद, चौथ्यांदा त्यांनी लॅमिनेट करून आणला. तरुणपणी ढोलकी वाजवायचे, त्यामुळे हाताला येईल ते बडवायचे. बाळाचा टब, कुकर, माझा पोळपाटसुद्धा.

“अहो, पोळ्या लाटायच्यात मला!”

“दोन मिनिटं हो. पोळपाट काय गोड बोलतोय बघा!”

शेजारची ट्रेसी लेकीच्याच दवाखान्यात नर्स. तिचा कंट्री रॉक बँड होता. ती गायची, गिटारवर मेंढ्या भादरणारा एक दाढीवाला, बेस गिटारवर शाळेच्या बसचा ड्रायव्हर. ड्रमर मेलबर्नचा. मेलबर्न बंद झालं, रस्त्यावर पोलीस उभे राहिले आणि तो तिकडेच अडकला. उरलेले तिघं मागच्या शेडमध्ये ठेक्याविना गात बसायचे. व्याह्यांना ते ऐकवेना. एक दिवस चपला शेडबाहेर काढून, ड्रमला डोकं टेकवून ते म्हणाले, “तुमचा माणूस येईपर्यंत मी बसतो. बदली.”

“नो वरीज, मेट!” ट्रेसी म्हणाली. झालं.

खंडेनवमीला ड्रमची पूजा झाली आणि दाढीवाल्याच्या गिटारलाही कुंकू लागलं. युटच्या, म्हणजे तिकडच्या छोट्या उघड्या टेम्पोच्या, हौद्यात उभं राहून ही मंडळी वृद्धाश्रमासमोर वाजवायची. आत काचेला नाकं लावून म्हातारेकोतारे बघायचे. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो गावोगाव फिरला. मग जिल्ह्याच्या रेडिओवर गाणं लागलं, ट्रॅक्टरवर बसलेले लोक फोन करून पुन्हा मागायला लागले. शहरातली रेकॉर्ड काढणारी कंपनी दारात आली, तर ट्रेसीनं तिला वाटेला लावलं. “आमचं आम्ही करू.” आणि केलं की! शेडला आतून माझ्या आईच्या हातच्या गोधड्या टांगून रेकॉर्डिंग केलं. मला न विचारता! ते असो.

पुढच्या वर्षी रस्ते उघडले, गावच्या फूटी ग्राउंडवर, म्हणजे तिकडच्या फुटबॉलच्या मैदानावर, पहिला मोठा कार्यक्रम ठरला, आणि मूळ ड्रमर परत आला. त्याच दिवशी व्याह्यांनी सगळे ड्रम पुसले, कुठल्या गाण्यात दाढीवाला लय सोडून पुढे पळतो तेही कागदावर लिहून ठेवलं आणि घरी आले.

“मूळ माणूस हजर झाला. बदलीवाल्यानं उठायचं असतं.”

“उठा म्हणालं का कुणी?”

“म्हणायची वेळ कशाला आणायची?”

माझं डोकंच फिरलं. अहो, वर्षभर राबलात, तुमच्या हातावर उभा राहिला तो बँड! तेवढ्यात ट्रेसी कुंपणाशी आली आणि व्याही बाहेर गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ती म्हणाली, “थांब ना, मेट. दोन ड्रमर ठेवू.”

आता ‘हो’ म्हणायला काय झालं होतं? पण नाही! गृहस्थ मान हलवत म्हणाले, “नो, नो. यू कॅरी ऑन.”

“शुअर? ओके, नो वरीज,” म्हणून ती वळली. बिचारीचं तोंड एवढंसं झालं होतं. आणि आमचे व्याही कुंपणावर हात ठेवून तसेच उभे. मला कळलं हो ते का उभे होते ते. आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला कोण विचारतं? पान हातानं झाकलं तरी आपण बोटांच्या फटीतून वाढतो! ट्रेसीला कुणी शिकवलं होतं ते? मी धावत जाऊन सांगायला हवं होतं. पण कणकेनं भरलेले हात आणि माझं तुटकं इंग्रजी घेऊन वाक्य जुळवत राहिले, आणि तिकडे तिचं दार लागलं. तेव्हापासून त्या दोघांवर थोडा आणि माझ्यावर जास्त, असा राग मी वाटून घेतलाय.

कार्यक्रम दणक्यात झाला. आता बँड गावोगाव फिरतो, कुणाच्या दावणीला न बांधता. व्याही पुण्यात, मी नाशकात. परवा फोनवर मी पुन्हा तोच विषय काढला, चांगलं फैलावर घेतलं त्यांना. सगळं ऐकून घेतलं.

“विहीणबाई,” शेवटी हळूच म्हणाले, “एकदाच विचारलं हो तिनं.”