टॉवरखालचं तळं

सुभेदार संपतरावांकडे दर रविवारी चार वाजता चहा मिळायचा आणि चहाबरोबर आपापलं गाव. पालमच्या राजनगरात आमची दहा-बारा मराठी घरं आहेत. बहुतेक फौजेतून निवृत्त झालेली, एक-दोन आमच्यासारखी, नोकरीपायी दिल्लीत आलेली आणि मग इथलीच झालेली. मी शाळेत शिकवायचे, म्हणून लहानथोर सगळे मला बाई म्हणतात. संपतरावही बाईच म्हणायचे, आणि मी त्यांना सुभेदार.

तोफखान्याच्या सर्व्हे शाखेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. तोफ नेमकी कुठे उभी आहे आणि गोळा कुठे पडायचा आहे, हे मोजून सांगणारी ही माणसं. निवृत्तीनंतर मुलाने, म्हणजे धैर्यशीलने, आपला जुना लॅपटॉप-कॉम्प्युटर आणून दिला. त्यावर उपग्रहाने काढलेली जमिनीची चित्रं फुकट बघता येतात हे कळल्यावर सुभेदारांना दुसरं काही सुचेना. त्यांच्या पत्नी भीमाबाई वारल्या त्याच्या पुढच्याच महिन्यातली ही गोष्ट. त्यांनी पहिल्यांदा कोरेगाव तालुक्यातलं आपलं घर शोधलं, तर पत्र्यावर काहीतरी लाल दिसलं. चित्रावरची तारीख मे महिन्यातली होती, भीमाबाई शेवटच्या गावी गेल्या होत्या त्या मे महिन्यातली. लाल म्हणजे वाळत घातलेल्या मिरच्या आणि मिरच्या म्हणजे भीमाबाई, असं त्यांनी ठरवून टाकलं. कोणी वाद घातला नाही.

मग आम्ही सगळे आपापली गावं घेऊन जायला लागलो. सुभेदार चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, नदी कुठल्या अंगाला, एसटी कुठून वळते, देऊळ कुठं. दोन मिनिटांत आपलं छप्पर समोर. मला त्यांनी माझ्या वडिलांच्या शाळेचं पटांगण दाखवलं आणि त्यातला चिंचेचा घेर. मी रडले. मला रडताना बघून ते इतके खूश झाले की मला त्यांचा रागच आला.

माणूस गुणी, पण दिसलं ते त्यांच्या तोंडात राहत नसे. आमच्यातल्याच हरिदासने आपलं गावचं शेत बघायला मागितलं, तर यांनी न विचारता सांगितलं की चुलतभावाची शेड बांधाच्या अलीकडे दहा फूट आली आहे. हरिदासचं आणि चुलतभावाचं बोलणं बंद झालं ते आजतागायत. पण शेड खरंच आत आलेली निघाली. तेव्हापासून राजनगरात सुभेदारांचा शब्द म्हणजे पंचांचा शब्द झाला. त्यांना डोक्यावर चढवून ठेवण्यात आम्हा सगळ्यांचाच हात होता, हे मी आज कबूल करते.

धैर्यशीलने गुरुग्रामच्या अगदी टोकाच्या सेक्टरात फ्लॅट घेतला. तो तिथे एका कंपनीत आहे, सून भक्तीही नोकरी करते आणि मयुरा म्हणून सात वर्षांची मुलगी आहे. सोसायटीचं नाव इंग्रजी आणि लांबलचक. ते मी मुद्दामच लिहीत नाही. चार उंच टॉवर एका ओळीत, ए पासून डी पर्यंत. यांचा फ्लॅट सी मध्ये, तिसऱ्या मजल्यावर. ताबा मिळायला सहा महिने होते.

त्या रविवारी मी गेले तेव्हा चहा नव्हता. सुभेदारांनी मला खुर्चीवर बसवलं आणि कॉम्प्युटरवर वर्षं मागे न्यायला सुरुवात केली. त्यात तशी सोय असते, एक पट्टी मागे सरकवली की तीच जागा जुन्या वर्षांत कशी होती ते दिसतं. चार टॉवर होते. पट्टी सरकली, टॉवरच्या जागी खड्डे आले. आणखी सरकली, नुसती राखाडी जमीन, मलबा टाकून सपाट केलेली. मग २००४ साल आलं. तिथे एक काळं, वाटोळं तळं होतं. हरियाणात अशा गावतळ्याला जोहड म्हणतात. काठावर बारीक ठिपके होते. त्या म्हशी, असं सुभेदार म्हणाले. त्यांनी तळ्याच्या मधोमध खूण रोवली आणि पट्टी पुन्हा आजवर आणली. खूण सी टॉवरच्या डोक्यावर उभी होती.

ते मला म्हणाले, "बाई, तळं बुजवलं म्हणून पाणी वाट विसरत नाही."

मला खरोखर धडकी भरली. धैर्यशीलला भरली नाही. त्याचं म्हणणं, आप्पा, यार, अर्धं एनसीआर असंच उभं आहे, खाली काँक्रीटचे खोल पाइल घेतात, इंजिनियर काय झोपलेत का. सुभेदार दोन महिने त्याच्या मागे लागले. रोज फोन. एकदा तर कॉम्प्युटर पिशवीत घालून मेट्रोने त्याच्या ऑफिसात गेले आणि रिसेप्शनवर बसून राहिले. शेवटी भक्तीनेच तोडगा काढला. डी टॉवरमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट विकायचा राहिला होता; बिल्डरच्या ऑफिसातून अदलाबदल करून घेतली. सी मधला फ्लॅट बिल्डरकडे परत गेला.

मी सुभेदारांना विचारलं, की मग सी मध्ये आता जो राहायला येईल त्याचं काय. ते उठले. कपबशा उचलून आत घेऊन गेले. मला ते अजिबात आवडलं नाही, पण मीसुद्धा पुढे काही केलं नाही.

गृहप्रवेश जानेवारीत झाला. पूजा झाली, जेवणं झाली, आणि मयुरा मला आणि आजोबांना तिची नवी सायकल दाखवायला खाली डीच्या बेसमेंटमध्ये घेऊन गेली. दिल्लीत वाढलेली पोर, मराठी तिचं अर्धंच. सायकल भिंतीला टेकवलेली होती. तिने भिंतीला हात लावला आणि तो फ्रॉकला पुसला.

"आजोबा, ही दीवार गीली का आहे?"

तीन महिने पाऊस नव्हता. भिंत कमरेइतकी ओली होती आणि कोपऱ्यात कुठेतरी पंप चालल्याचा आवाज येत होता. जवळच्या खांबावर खालून वर जाणारी केसाएवढी चीर होती. सुभेदारांनी तिच्यावर अंगठा ठेवला आणि तसाच बराच वेळ ठेवला.  परत येताना टॅक्सीत मी दोनदा काहीतरी विचारलं, तर दोन्ही वेळा नुसतं हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला बोलावून घेतलं. कॉम्प्युटर चालू होता. आजच्या चित्रात सोसायटीच्या मागे जुन्या गावातलं शिवमंदिर दिसत होतं. मंदिराच्या घुमटावर त्यांनी खूण रोवली होती. त्यांनी पट्टी २००४ वर नेली. देऊळ तेव्हाही होतं, पण खुणेखाली नव्हतं. ते पन्नास मीटर पश्चिमेला दिसत होतं. देऊळ काही चालत जात नाही. म्हणजे ते जुनं चित्रच जमिनीवर नीट बसवलेलं नव्हतं, अख्खंच्या अख्खं पश्चिमेला सरकलेलं होतं. तळंही तितकंच सरकलेलं. ते पन्नास मीटर पूर्वेला ओढलं की सी टॉवर कोरडा पडतो आणि तळं येतं डीखाली.

मला समजायला थोडा वेळ लागला. सी मधून सोडवून त्यांनी पोरीला नेमकं तळ्यावरच नेऊन ठेवलं होतं.

सुभेदार सांगत होते की नवीन पोरांना ते पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. जी वस्तू हलत नाही ती आधी धरायची, ती दोन्हीकडे जुळते का बघायचं, आणि मगच मोजायला लागायचं. अठ्ठावीस वर्षांत एकदाही ते चुकले नव्हते. पण तेव्हा समोर तोफा असायच्या, या वेळी मयुरा होती. ती खूण सी वर उभी राहिलेली बघितली आणि पुढचं काही सुचलंच नाही, असं ते म्हणाले. माझ्यासमोर त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. सहासष्ट वर्षांचा माणूस. मी त्यांचा हात धरला.

धैर्यशीलला सांगायला गेलो ते आम्ही दोघं. मी बरोबर असले तर तो ऐकेल असं मला वाटलं. त्याने नीट ऐकलं, आरडाओरडा केला नाही. फक्त सुभेदारांनी समोर उघडलेला लॅपटॉप बंद केला. भक्ती उभीच होती.

"आप्पा," ती शांतपणे म्हणाली, "मागच्या वेळी पण तुम्ही इतकेच शुअर होतात."

 तिचं चूक नव्हतं, आणि नेमकं तेच भयंकर होतं. सोसायटीच्या मेंटेनन्सवाल्याने सांगितलं की सीपेज तर प्रत्येक बिल्डिंगमध्ये होता है, वॉटरप्रूफिंग करवा देंगे. वॉटरप्रूफिंगवाल्यांची तारीख दर महिन्याला पुढे जात राहिली.

सुभेदारांनी मग दोन कामं सुरू केली. एक म्हणजे खांबावरच्या चिरेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिली. खांब हलत असेल तर काच तडकते, नसेल तर तशीच राहते. यात वाद घालायला जागा नाही. दुसरं म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी मयुराला पालमला आणायला लागले. आजोबांना एकटं वाटतं, तिचं मराठी सुधारेल, अशी कारणं. खरं कारण मला एकटीला माहीत होतं, की सातातल्या दोन रात्री तरी पोर तिथे झोपणार नाही.

एप्रिलात पहिली काच तडकली. त्यांनी धैर्यशीलला फोटो पाठवला. कोणाच्या तरी गाडीचा धक्का लागला असेल, असं उत्तर आलं. त्यांनी दुसरी काच लावली, गाडी पोचणार नाही इतक्या उंचीवर. ती जूनमध्ये तडकली. त्याच सुमारास मयुराने शाळेत चित्र काढलं. बिल्डिंग आणि तिच्याखाली म्हशी. टीचरने भक्तीला बोलावून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. त्या दिवसापासून शुक्रवारचं येणं बंद झालं. भक्तीने फोनवर सासऱ्यांना सांगितलं की मुलीला घाबरवू नका, वाटल्यास तुम्हीच इकडे येऊन राहा. तिने ते रागात म्हटलं होतं.

सुभेदारांनी ते शब्दशः घेतलं. चार दिवसांत त्यांनी घर आवरलं. ज्या माणसाने बायको गेल्यावरही राजनगर सोडायला साफ नकार दिला होता, त्याने एक ट्रंक, एक वळकटी आणि औषधांचा डबा टॅक्सीत घातला. कॉम्प्युटर हरिदासला देऊन टाकला. निघताना मी त्यांना भांडल्यासारखंच बोलले. म्हटलं, अक्कल गहाण ठेवलीत का, जिथून माणसं बाहेर काढायची तिथे स्वतः जाऊन बसायचं? ते म्हणाले, पोर तिसऱ्या मजल्यावर झोपते बाई, मी दाराजवळ झोपेन, काही ऐकू आलं तर तिला उचलून जिन्याने खाली यायला मला चाळीस सेकंद लागतील. म्हणजे हेही त्यांनी मोजून ठेवलेलं होतं.

गेल्या आठवड्यात दुपारी त्यांचा फोन आला. तिसरी काच तडकली होती. लावून नऊ दिवस झाले होते.

मी विचारलं, धैर्यशीलला सांगितलंत का. सांगितलं, म्हणाले. तो काय म्हणाला? सोमवारी नक्की माणसं येतायत, असं म्हणाला. मागून पंपाचा आवाज येत होता, म्हणजे ते बेसमेंटमधूनच बोलत होते. माझा धीर सुटला. मी म्हटलं, सुभेदार, तुम्ही तरी निघा तिथून, आजच्या आज या, मी जेवायला थांबते.

"मीच आणलंय त्यांना इथं, बाई," ते म्हणाले.

 शाळेची बस यायची वेळ झाली, मयुराला घ्यायला गेटवर जायचंय, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.